‘इकडे सर्व ठीक’ खोडणारा

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. त्यातला एक मेटलर्जीत पीएचडी करत होता, पण लायब्ररीत झेरॉक्स काढायचा ते एका अमेरिकन पत्रकार बाईच्या लेखांचे. त्यांची जाडजूड फाइल त्याच्या उशाशी असायची. "ही बाई ‘वाईट वाटलं’ असं कधी लिहीतच नाही, यार. खोलीत काय होतं तेवढं सांगते, आणि वाईट आपल्याला वाटतं."

पुढे पुढे तो आम्ही घरी लिहिलेली पत्रंसुद्धा तपासायला मागू लागला. एरोग्रामच्या निळ्या कागदावर ‘इकडे सर्व ठीक’ दिसलं की पेनाने खोडायचा. "हे कुणीही लिहील. बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं ते लिही." मला राग यायचा, तरी मी लिहायचो. आणि उलट टपाली आई नेमकं त्या शेजाऱ्याबद्दलच विचारायची.

फेब्रुवारीत त्याचे वडील गेले. व्हिसाच्या भानगडीत त्याला जाता आलं नाही. महिन्याभराने त्याच्या आईचं पत्र आलं. त्याने ते उभ्याउभ्या वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

‘ह्यांचा इंग्रजी पेपर अजून येतो. मी बंद करायला सांगितलेलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याची घडी तशीच असते.’

"आईला इंग्रजी येत नाही," तो म्हणाला. "त्या बाईचं एक अक्षर तिने वाचलेलं नाही."

मग त्याने उशाजवळची फाइल उघडली आणि ते पत्र सगळ्यांत वर लावलं.