कमळीच्या वाट्याचे थेंब

२०१७ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. फुलसावंगीजवळच्या आपल्या तांड्यावरून मी अन् माझी बायको कमळी नागपूरले पोराकडं निघालो, तेव्हा तांड्याच्या नायकानं गाडीच्या चाकापुढं मोहाच्या दारूचे दोन थेंब मातीत सांडले, मंग गिलास माझ्या हाती दिला. आपली रीतच हाय. याडी, माझी माय, सांगे, "आधी मेलेल्याइले दे, मंग तू पी." आमाले न्यायले आलेला माझा पोरगा रमेश पाठ करून उभा होता. तो येशूचा झाला होता. म्हणे, "बा, हा शेवटचा. माह्या घरात चालनार नाही."

तुमी तांड्यावरचे समजता, म्हातारा शहरात सुखात हाय. लिफ्ट हाय, गिझर हाय, हे खरं. कमळीनं नातवंडाइसाठी बाप्तिस्मा घेतला. मी नाही घेतला. दारू मात्र सोडली. कोनाच्या भेवानं नाही, पोराचं अन्न खातो म्हणून.

रमेशच्या चर्चच्या पास्टरले एकदा विचारलं, "येशूनं लग्नात पान्याची दारू केली, तं मले काहून मनाई?"

"काका, तो द्राक्षाचा रस होता."

"रस पिऊन वऱ्हाड नाचत नाही."

ते हसले. यहुदी लोक सणाले प्रार्थना म्हणून द्राक्षाच्या दारूचा प्याला घेतात, पन झिंगनं त्याइच्यातबी वाईटच, हे पास्टरनंच सांगितलं.

औंदा कमळी गेली. जाताना म्हणे, "माह्या वाट्याचे थेंब विसरू नोका." आपल्यात जाळतात. तिले चर्चच्या कबरस्तानात पुरलं. घरात दारू नाही, थेंब कशाचे देऊ?

मंग एका रविवारी चर्चमध्ये थाळी फिरली. इवलेसे प्याले, लाल रस. मी एक उचलला अन् कमळीचं नाव घेऊन दोन थेंब फरशीवर सांडले. रमेश गुडघ्यावर बसून रुमालानं पुसू लागला.

बाहेर आल्यावर म्हणाला, "बा, आता तुमाले इथं आनता येनार नाही."

"दारू कुठं होती ते? रसच तं होता."

"आमच्यासाठी ते येशूचं रगत हाय. तुमी जमिनीवर सांडलं."

"तुह्या मायले दिलं."

त्यानं रुमालाची घडी करून छातीजवळच्या खिशात ठेवली.

घर कुठं, असं कोनी विचारलं तं मले आता सांगता येत नाही. तांड्यावर माती हाय, तिथं कमळी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिलासभर पानी घेऊन कबरस्तानात गेलो. रमेशनं कबरीवर चकचकीत फरशी बसवली होती. थेंब सांडले, ते मुरले नाही. घरंगळत बाजूच्या कबरीकडं गेले. कमळीले थेंब पोचल्याबिगर मी कसा पिऊ? गिलास तसाच घरी आनला.