पाच तासांचं लंडन

परळी स्टेशनजवळच्या माझ्या ऑनलाइन सेंटरवर एक म्हातारे काका दर बाजाराच्या दिवशी येतात. चपला बाहेर काढतात, खुर्चीवर बसलेली वीज केंद्राची राख उपरण्यानं झटकतात आणि एकच विचारतात, "मुंबईहून लंडन, इमानानं किती तास?"

मी साडेदहा म्हणालो की मान हलवून उठतात. तिकीट कधीच काढत नाहीत. शेजारच्या दोन सेंटरवरही ते हेच विचारतात असं कळलं, तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. परदेशी नोकरीच्या नावाखाली पोरांना गंडवणारा एजंट असणार, दुसरं काय!

परवा मी सरळ विचारलं, "काका, जाणार कोण आहे?"

त्यांनी खिशातून घडीवर फाटलेला कागद काढला. मुलाचं जुनं तिकीट होतं.

"निघायची येळ दोन, पोचायची सात. पाचच तास झाले की! आन् आय गेली तवा त्यो म्हनला, लई लांब हाय, मातीला पोचत न्हाई. तुमी समदे त्याच्याच बाजूनं बोलताय."

मी दोन्हीकडची घड्याळं समजावली. तिथं सात वाजतात तेव्हा आपल्याकडं साडेबारा झालेले असतात. ते बराच वेळ बोटांची पेरं मोजत राहिले. मग माझ्याकडं रोखून पाहिलं.

"आसं सांगा म्हनून त्यानं फोन केलता का तुमाला?"

"नाही हो."

चपलांत पाय घालत ते म्हणाले, "मला बी न्हाई केला. वरीस झालं."