कुठला खलास

दत्तप्रसाद परुळेकर बेसबॉलच्या टीमचा मॅनेजर झाला तो बसमुळे. बहारीनमधल्या सित्रातल्या त्याच्या कंपनीत कामगारांची ने-आण करणाऱ्या साऱ्या बसगाड्या त्याच्या ताब्यात, हुद्दा ट्रान्सपोर्ट मॅनेजर. चार वर्षांपूर्वी एचआरमधली खदिजा कँटीनमध्ये आली आणि तिनं विचारलं, "शुक्रवार के लिए टीम का मॅनेजर कौन?" दत्तप्रसादला वाटलं, टीमला मैदानावर न्यायला बस हवी असेल. त्यानं आमटीचा हात तसाच वर केला आणि म्हणाला, "मैं. रेडी." शुक्रवारी तो बस घेऊन पोचला तर कुणीतरी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि नऊ माणसं त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. कुणी कुठं उभं राहायचं ते मॅनेजर सांगतो म्हणे. दत्तप्रसाद म्हणाला, "जहाँ छाँव है, वहाँ." त्या मैदानावर औषधालासुद्धा सावली नव्हती. सगळ्यांना तो विनोद वाटला, सगळे हसले, आणि मॅनेजर नक्की झाला.

खेळाचं सामान होतं ते कंपनीच्या जुन्या जपानी साहेबाचं. साहेब मायदेशी गेला, पण हातमोजे, बॅटी आणि शुक्रवारची लीग मागे ठेवून गेला. आता टीममध्ये फिलिपिनो होते, दोन बहारिनी होते, एक श्रीलंकेचा होता आणि बाकी आपले. सगळ्यांना खेळ थोडाफार समजत होता. समजत नव्हता तो एकट्या मॅनेजरला.

एखाद्याला गणित येत नाही तसं दत्तप्रसादचं बेसबॉलशी झालं होतं. कुणी समजावलं की त्या वेळी पटायचं, बसमध्ये चढेपर्यंत पुसून जायचं. त्याचा सारा जन्म क्रिकेटवर पोसलेला. तिथं चांगला चेंडू सोडला की लोक म्हणतात, काय डोळा आहे. इथं चांगला चेंडू सोडला तर तो स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की माणूस बाद. बरं, पिचर म्हणजे आपला बोलर. त्यानं चार चेंडू वाईट टाकले की बॅटर काहीही न करता, हात हलवत, पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या थांब्यावर, चालत जातो. याला वॉक म्हणतात. बेस चोरता येतो आणि चोरीला टाळ्या पडतात. कधीकधी एखादा मुद्दाम बाद होतो, दुसऱ्याला पुढं सरकू द्यावं म्हणून, आणि परत येतो तेव्हा सगळे त्याची पाठ थोपटतात. हे मात्र दत्तप्रसादला मनापासून आवडलं होतं. गावाकडच्या घरासाठी इथं वर्षानुवर्षं राहणारी माणसं त्यानं बघितली होती. पण त्यांची पाठ थोपटायला कुणी उभं असल्याचं त्याला आठवत नव्हतं.

एक गोष्ट मात्र तो कधीच करत नसे. तो कुणाला काढत नसे. पिचर दमला की मॅनेजरनं आत जायचं, त्याच्या हातातून चेंडू घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा, ही रीत त्यानं दुसऱ्या टीमांत बघितली होती आणि प्रत्येक वेळी तोंड फिरवलं होतं. गल्फमध्ये 'त्याला काढलं' याचा अर्थ एकच, नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल. असा शब्द शुक्रवारी सकाळी, खेळायला आलेल्या माणसाला कोण लावणार? कुणी दमलं तर खेळाडू आपसातच बघून घेत. मॅनेजर त्या वेळी पाण्याच्या बाटल्या लावत असे. टीमला वाटायचं, हा आपल्यावर विश्वास टाकतो.

आणि विलासला काढायचा तर प्रश्नच नव्हता. विलास धुरी कुडाळचा, दत्तप्रसाद कणकवलीचा. दोघं एकाच वर्षी बहारीनला आले, नईम भागात एकाच खोलीत राहिले, पुढं दत्तप्रसादनं बायकोला, मंगलाला, आणलं आणि खोली वेगळी केली. विलास कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आणि टीमचा पिचर. पहिल्यांदा टाकायला उभा राहिला तेव्हा त्यानं सवयीनं चेंडू टप्पा पाडून टाकला होता आणि समोरचा फिलिपिनो कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, रॉमेल हसून खाली बसला होता. पण हळूहळू विलासनं स्वतःचा एक चेंडू तयार केला. हात जोरात यायचा, चेंडू मात्र सावकाश. येतो येतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा तो बॅटरला ताटकळत ठेवायचा. बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळा.

हा विलास आता कायमचा गावी निघाला होता. "खूप वर्सां झाली," एवढंच कारण त्यानं सगळ्यांना दिलं. दत्तप्रसादलाही तेवढंच. शेवटचा सामना अदलियाच्या एका ऑफिसच्या टीमशी होता. आदल्या दिवशी विलास वर्कशॉपमधून मुद्दाम त्याच्या केबिनमध्ये आला.

"दत्तू, एक मागतंय. उद्याचो शेवटचो बॉल माझो. काय्येक होवंदे, माका काढू नको."

"मी कोणाक कधी काढलंय?" दत्तप्रसाद म्हणाला.

"तसा नाय. शब्द दी."

दत्तप्रसादनं शब्द दिला. इतका सोपा शब्द त्यानं आजवर कुणाला दिला नव्हता.

सामना घासून झाला. शेवटच्या इनिंगला दत्तप्रसादची टीम एका रननं पुढं होती. समोरचे दोन बाद, त्यांचा एक माणूस तिसऱ्या बेसवर टपून बसलेला, आणि बॅटर दोन स्ट्राइक खाऊन उभा. म्हणजे आता विलासचा एक चेंडू बरोबर पडला की तिसरा बाद, सामना संपला, शब्दही पुरा झाला. एवढं गणित दत्तप्रसादलासुद्धा जमलं. बसच्या बाजूला सलील चेंडू टाकून हात गरम करत होता. सलील पुण्याचा इंजिनिअर, टीमचा दुसरा पिचर. कुणी सांगो न सांगो, तो दर सामन्यात हात गरम करायचा.

पण विलास चेंडू टाकेना. हातमोजा काखेत धरून तो मातीच्या उंचवट्यावर नुसताच उभा राहिला. दत्तप्रसादला वाटलं, शेवटचा चेंडू आहे, गड्याचं मन भरून आलं असेल. त्याचंही आलं होतं. तो आत गेला, विलासच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "विलाश्या, खलास."

त्याला म्हणायचं होतं, उडव त्याचा फडशा. कुडाळ-कणकवलीला टेनिस बॉलच्या मॅचमध्ये बोलरला असंच सांगतात. विलासनं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हातातला चेंडू पँटला पुसला, दत्तप्रसादच्या तळहातावर ठेवला आणि चालू लागला.

रॉमेल टाळ्या वाजवू लागला. मग सगळेच वाजवू लागले. दत्तप्रसाद चेंडू घेऊन तसाच उभा. त्याला वाटलं, पाणी प्यायला चाललाय. टाळ्या का पडतायत ते कळेना, पण विलासचा शेवटचा दिवस होता, पडत असतील. तेवढ्यात पंच जवळ आला आणि त्यानं काहीतरी विचारलं. त्यात 'चेंज' हा एक शब्द होता. पंचानं काहीही विचारलं की दत्तप्रसादचं उत्तर ठरलेलं असे. तो म्हणाला, "येस, येस."

सलील धावत आला आणि त्यानं मॅनेजरच्या हातातून चेंडू घेतला. आता दत्तप्रसादच्या डोक्यात कुठंतरी घंटा वाजली. त्यानं वळून बघितलं. विलास बाकावर बसून एका हातानं बुटाची नाडी सोडत होता.

"विलास, चल मरे, पाणी पिऊन झाला मा?" तो ओरडला. विलासनं मान वर केली नाही. दत्तप्रसाद पंचाकडं वळला आणि हिंदी-इंग्रजीची खिचडी करून सांगू लागला की हा नको, तोच हवा, तो फक्त जरा थांबला होता. क्रिकेटमध्ये बोलर काढला तरी पुन्हा आणता येतो, या टोकाचा त्या टोकाला. पंचानं शांतपणे मान हलवली. गेलेला माणूस या सामन्यात परत येत नाही. चार वर्षांत मॅनेजरला हा नियम ठाऊक नसावा यावर पंचाचा विश्वासच बसला नाही. त्याला वाटलं, हा वेळ काढतोय.

सलीलनं एक चेंडू टाकला. सरळ, जोरात. बॅटरला आधीपासून सावकाश चेंडूची सवय लागलेली, त्याची बॅट खूप उशिरा फिरली. सामना संपला. टीमनं सलीलला उचललं, मग मॅनेजरला उचललं. वरून दत्तप्रसादला विलास दिसत होता. तो हसत होता, पण कसं हसत होता ते एवढ्या लांबून समजत नव्हतं.

बसमध्ये विलास खिडकीला डोकं टेकून झोपला. खरंच झोपला की डोळे मिटून बसला, कुणास ठाऊक. सलील मागून येऊन शेजारी बसला. "काका, मास्टरस्ट्रोक होता. दिवसभर स्लो बॉल दाखवला आणि लास्टला एकदम फास्ट. कधी ठरवलंत?"

"मी काय ठरवलं नाही रे," दत्तप्रसाद म्हणाला.

"मॉडेस्ट आहात," सलील म्हणाला.

रविवारी ऑफिसात तेच. आजवर ज्यांनी त्याच्याकडं बसची तक्रार सोडून काही आणलं नव्हतं, ते येऊन हात मिळवून गेले. जे केलं नाही त्याची शाबासकी मिळत होती आणि जे केलं त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. खदिजानं त्याचा चेहरा बघितला. "मॅनेजर, गेम जीत गया, खलास. फिर टेन्शन क्यों?" दत्तप्रसाद तिच्याकडं बघतच राहिला. खलास. इथं हा शब्द माणूस दिवसभर ऐकतो. शिफ्ट संपली, खलास. दुकानात दूध नाही, खलास. व्हिसा संपला, खलास. म्हणजे झालं, पुरे, आता थांब. विलासनं हा ऐकला. आपण बोललो गावचा आणि त्यानं ऐकला इथला. दिलेला शब्द आपण त्या शब्दानंच मोडला. त्याला अक्षरशः रडू आलं, आणि खदिजासमोर येऊ नये म्हणून तो बसच्या चाव्या शोधू लागला.

विलास जायचा त्या दिवशी दुपारी तो नईमला गेला. जाताना बसमध्ये त्यानं चारचारदा वाक्य जुळवलं. खोलीत विलास एकटाच होता, बॅगा बांधून झाल्या होत्या. त्यानं चहा दिला, स्वतः डाव्या हातात कप धरून पलंगावर बसला.

"विलास, त्या दिवशी मी खलास म्हणालंय ता..." दत्तप्रसादचं जुळवलेलं वाक्य तिथंच तुटलं. "तू हयचो खलास समजलंस. मी गावचो म्हणालंय. मी तुका काढूक नाय रे."

विलासनं चहाचा घोट घेतला. "माका म्हायत होता."

"काय म्हायत होता?"

"तू गावचोच म्हणालंस. तुका दुसरो येता खंय?"

दत्तप्रसादचा सगळा गोंधळ आता नव्यानं सुरू झाला. इतके दिवस तो एका बाजूनं हरवला होता, आता दुसऱ्या बाजूनं हरवला. "मगे गेलंस कित्याक? तूच शब्द मागलंलंस."

"मागलंलंय. पण हात वर जायना." विलास उजव्या हाताकडं न बघता बोलत होता. "दोन म्हयने झाले. वर्कशॉपात पानो धरूक जमना नाय. म्हणान तर चललंय. कोणाक सांगूक नाय, तुकाय नाय. त्या दिवशी शेवटचो बॉल माझो व्होयो होतो, पण हात उचलाच ना. मी 'माका काढ' म्हटलंय असतंय तर तू काढूचंस नाय. थयसरच रडत बसलंस असतंस. तू खलास म्हणालंस आणि माका वाट गावली. मी हयचो आयकलंय."

दत्तप्रसादनं कप खाली ठेवला. गेले दोन महिने दर शुक्रवारी तो याच हाताकडं बघत होता. चेंडू जास्तच सावकाश येतोय हे त्याला दिसत होतं, आणि तो प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होता. त्याला वाटलं होतं, विलासनं नवी युक्ती काढली.

"आणि पंचाक येस कित्याक म्हणालंस?" विलासनं विचारलं.

"माका काय समाजलाच नाय."

"ताच बरा झाला," विलास म्हणाला आणि खरोखरचा हसला. "समाजला असता तर नको म्हणालंस असतंस."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. विलास उठला, कपाटाकडं गेला आणि कपाटावर ठेवलेल्या शेवटच्या बॅगेकडं बघत उभा राहिला. त्याचा डावा हात तिथवर पोचत नव्हता आणि उजवा त्यानं उचलूनही बघितला नाही.

"मॅनेजर," तो म्हणाला, "आता तरी काढ."

दत्तप्रसाद उठला आणि त्यानं दोन्ही हातांनी ती बॅग काढली.