उष्ट्याची बादली

येरवड्यातल्या एका पाळणाघरात मी बारा वर्षं स्वयंपाक करते. बावीस मुलं आहेत, सगळी पाच वर्षांच्या आतली. आई-बाप कामावर, म्हणून दुपारचं जेवण आमच्याकडे.

गेल्या वर्षी पाळणाघराच्या मॅडम कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या. म्हणाल्या, "मावशी, आता पौष्टिक आणि पर्यावरणाला झेपेल असं जेवण द्यायचं. ज्वारी, नाचणी, ज्या त्या मोसमातली भाजी. गॅस कमी, वाया काही घालवायचं नाही."

"म्हणजे गरिबाचं जेवण," मी म्हटलं.

"तेच. पण आता त्याला प्रशिक्षण लागतं."

मला लागलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण मी विदर्भातली. ज्वारी कमी पाण्यावर येते हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ज्वारी भरडून तिच्या कण्या करायच्या. त्या अर्ध्या शिजल्या की पातेलं उतरवून गोधडीत घट्ट गुंडाळायचं. तासाभरात आपल्या आपण फुलतात. त्यात तुरीची डाळ, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. सोबत ताक.

पालकांना हे पटलं नाही. एक बाप बैठकीत म्हणाला, "आमची मुलगी असलं खात नाही." त्यानं प्लास्टिकच्या डब्यांतून पास्ता पोचवणारा एक माणूसही शोधून ठेवला होता. मॅडमनी महिन्याची मुदत मागितली. उष्ट्याची बादली रोज ताणकाट्यावर तोलायची. महिनाअखेर ती हलकी झाली नाही, तर डबे सुरू आणि स्वयंपाकघर बंद. स्वयंपाकघर बंद म्हणजे मीही बंद. माझ्या वयाच्या बाईला दुसरीकडे कोण ठेवतं?

पहिला आठवडा बादली काठोकाठ. मी तिखट कमी केलं, कण्या आणखी बारीक केल्या. फरक पडला नाही. मुलं बिस्किटांनी बिघडलीत, असं मी म्हणत राहिले.

दुसऱ्या सोमवारी मॅडम ताट घेऊन मुलांच्या पंगतीत बसल्या. त्या बापाची मुलगी, चार वर्षांची, ताटावर हात आडवा धरून म्हणाली, "आजी, बस." मी तिचा हात बाजूला केला. "घे गं, एवढ्याशानं काय होतं?" एक डाव घातला. पुढच्या मुलाला तसंच. मॅडमनाही तसंच.

जेवणं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "कण्या चांगल्या झाल्यात."

"मग टाकतात कशाला?"

"नको म्हटल्यावर तुम्ही दोनदा वाढता. मला संपेना. त्या पोरीचं पोट केवढं?"

"आमच्याकडे ताट रिकामं दिसलं तर वाढणाऱ्याची लाज जाते."

"आपण पुण्यात आहोत, मावशी. इथे एकदाच विचारतात. तेही नको म्हणाल या आशेनं."

मला राग आला. घरी जाऊन भांडी घासताना मात्र विचार केला. आमच्याकडे पाहुणा तीनदा नको म्हणतो आणि चौथ्यांदा जेवतो. त्याचं नको आम्ही कधी धरलंच नाही. पण चार वर्षांच्या पोरीला हा खेळ कुठून ठाऊक असणार? तिचं नको म्हणजे नकोच होतं.

दुसऱ्या दिवसापासून पातेलं मध्ये ठेवलं. लहान वाटीनं मुलांनी आपलं आपण घ्यायचं. मी हात मांडीवर ठेवून बसायची. कुणी दोन घासच घेतले की डाव उचलायला माझा हात जायचा, तो मी मागे घ्यायची. चारपाच दिवसांत मुलं दुसऱ्यांदा घ्यायला लागली. ती मुलगी तर तिसऱ्यांदाही.

महिना संपला तेव्हा तिचा बाप स्वतः बादली बघायला आला. आत वाकून म्हणाला, "आज मुलं कमी आलीत का?"

"बावीसच्या बावीस आलीत."

त्यानं बादली स्वतः ताणकाट्याला अडकवून पाहिली. मग म्हणाला, "घरी ती कण्या मागते. कुठे मिळतात?"

"मिळत नाहीत. भरडाव्या लागतात."

मॅडमना तो म्हणाला, डबे राहू द्या. मी पातेलं उचलत होते. तळाशी थोडं उरलं होतं, म्हणून विचारलं, "जेवता का?"

"नको, नको."

मी झाकण ठेवलं. त्याचं तोंड जरा उतरलं. तोही आमच्याच बाजूचा असावा.