खिळ्यावरचं मंगळसूत्र

गाळ्यातले दत्तू भावोजी समोर येऊन उभे राहिले, तेव्हा लेथवरच्या लाटण्याची एक मूठ तेवढी उरली होती. मशीन चालू असताना मागून हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, समोर येऊन थांबायचं, हा आमच्या गाळ्याचा नियम. मी मूठ पुरी केली, बटण बंद केलं, लाकूड पुरतं थांबू दिलं. मग ते म्हणाले, "वहिनी, घरी चला. वसंतराव गेले..." दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. नियम ह्यांनीच घातलेला. महिना झाला, मला अजून रडू आलेलं नाही. ती मूठ मात्र आठवते. चांगली गोल उतरली होती.

हे गिरणीत लूमवर होते. संपाचं दुसरं वर्ष लागलं तरी गिरणीचं दार उघडेना, तेव्हा लालबागेत चौघांनी मिळून गाळा घेतला, दोन लेथ बसवले. पण कापसाने छाती आधीच धरलेली, त्यात लाकडाचा भुसा सोसेना. मग ह्यांनी मला शिकवलं. पदर खोच, केस बांध, बांगड्या काढ. लाकूड लावलं की आधी हाताने एक फेरा फिरवून बघ, कुठे अडत नाही ना. बटण दाबताना बाजूला उभी राहा. एवढं मी मुकाट्याने ऐकलं. मंगळसूत्र मात्र काढलं नाही, पोलक्यात खोचलं. वाकले तशी पोत बाहेर लोंबली आणि ह्यांनी झडप घालून बटण बंद केलं. गिरणीत एकाच्या गळ्यातला गंडा पट्ट्यात गेलेला ह्यांनी पाहिला होता... पुढचं कधी सांगितलं नाही. घरात खिळा ठोकायला चार रविवार लावणारा माणूस, पण गाळ्यातल्या भिंतीवर त्याच दिवशी मंगळसूत्र अडकवायला खिळा ठोकला.

घरी सासूबाई भडकल्या. "घोव जितो असताना गळो मोकळो?"

"आये, मशीनीक काय कळता, दोरो खंयचो नि मंगळसूत्र खंयचा?" हे म्हणाले.

मी हसले, पण भीती मलाही होतीच. ह्यांना काही झालं तर ते माझ्याच हाताने, असं रोज खिळ्याकडे हात नेताना वाटायचं. संध्याकाळी ते गळ्यात घालेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. आणि नेमके त्याच वेळात हे गेले. हे कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते आहे.

त्या दिवशी चाळीतल्या बायका माझं मंगळसूत्र काढायला बसल्या, तर गळ्यात काहीच नव्हतं. गाळ्यातून घेऊन या, मग रीतीने काढू, असं कुणीतरी म्हणालं. कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या, "ऱ्हवांदे थंयच. माझ्या झिलान मारलेलो खिळो आसा तो."

परवापासून कामाला जाते. मशीनपाशी गेले की हात आपसूक गळ्याकडे जातो. काढायला काही नसतं. खिळ्यावर मंगळसूत्र तसंच आहे, मण्यांवर भुसा बसलाय, तो मी पुसत नाही. लाकूड लावते, हाताने एक फेरा फिरवते, बाजूला उभी राहते आणि बटण दाबते.