हुंकाराला माणूस

हौसेराव बोलायला लागले की त्यांना समोरून ‘हं’ लागायचं. पाटणकडच्या त्यांच्या गावची रीतच तशी. सांगणाऱ्यापुढं एकानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की ऐकणारा कंटाळला असं समजून भल्या माणसानं आवरतं घ्यायचं. वाशीच्या कांदाबटाट्याच्या बाजारात गोण्या वाहून त्यांची मान खांद्यात रुतली, बोलण्यात ‘टेन्शन’ आणि ‘खालीपिली’ शिरलं, पण ही रीत काही सुटली नाही. हमालांच्या टोळीतला कृष्णात त्यांच्याच गावचा. पाठीवर गोणी असतानाही एक सांगणार, दुसरा हुंकार देणार. व्यापारी चेष्टेनं म्हणायचे, यांचं निम्मं ओझं ‘हं’च उचलतं.

अशा माणसाची गाठ पडली नेरुळच्या डॉक्टर कुरियन यांच्याशी.

रंगूबाईंना, म्हणजे हौसेरावांच्या बायकोला, चक्कर येत होती. शिरवण्याच्या खोलीतून त्यांना दवाखान्यापर्यंत आणणं हेच एक ओझं होतं. “मला काय धाड भरलीया?” एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि बाकीचं नवऱ्यावर सोडून दिलं.

हौसेरावांनी टोपी मांडीवर ठेवली. सांगायची गोष्ट एकच होती आणि ती सांगायची त्यांना भीती वाटत होती. म्हणून त्यांनी लांबून सुरुवात केली.

“साब, इसको पयली चक्कर आयी हमारे लगीन में. कोंडिबा का बैल छूट गया…”

डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. कमरेला पेजर, हातात पेन, तोंडातून आवाज नाही.

“बैल मांडव में घुस गया…”

हौसेराव थांबले. डॉक्टरही थांबलेलेच होते. मोठा माणूस, बाहेर एवढी गर्दी, आणि आपण ह्याला बैल सांगतोय. बैल तसाच मांडवात सोडून ते म्हणाले, “बाकी कुछ नई, साब. चक्कर आती है. बस.”

डॉक्टरांनी रंगूबाईंना तपासलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. घरी जाताना रंगूबाई म्हणाल्या, “झालं समाधान?”

झालं नव्हतं. आदल्याच दिवशी भाकरी थापताना रंगूबाईंचा उजवा हात एकदम लुळा पडला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि शब्द भिजलेल्या पिठासारखे बाहेर आले. जरा वेळानं सगळं पहिल्यासारखं झालं, आणि त्या म्हणाल्या, “हात अवघडला.” हे पाहिलं होतं फक्त हौसेरावांनी. आणि तेच पोटात घेऊन ते परत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हात पुन्हा लुळा पडला आणि थापलेली भाकरी परातीत पडली.

हात परत वळायला लागला तसे हौसेराव पायात चप्पल न घालता कृष्णातच्या खोलीवर गेले. “डाक्टरकडं चल.”

“मला काय झालंय?”

“तुला न्हाय. हुंकार द्यायला चल.”

रंगूबाईंना घेऊन निघाल्यावर वाटेत त्यांनी कृष्णातला काहीएक सांगितलं नाही. रस्त्यात बोललो तर खरं व्हायचं, असं त्यांना वाटत होतं.

डॉक्टरांनी तिघांना आत पाहून विचारलं, “पेशंट कौन?”

“ये.”

“और ये?”

“ये हुंकार को आया है.”

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण सवयीनं ते गप्प राहिले. हौसेरावांनी पुन्हा लग्नापासून धरलं. कृष्णात बाजारातल्यासारखा तालात होता. “हं. बरं. मग?” बैल मांडवात शिरला, पाहुणे पांगले, नवरीला चक्कर आली. हौसेरावांची जीभ सैल झाली. “परसों भाकरी करती थी, साब. और इसका ये हात… मर गया. मुँह बी…”

कृष्णातनं रंगूबाईंकडं पाहिलं आणि हुंकार द्यायचं विसरला.

हौसेरावांनी मांडीवरची टोपी उचलली. आता ते उठणारच होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हौसेराव आणि कृष्णातकडं आळीपाळीनं बघत ते म्हणाले, “हं?”

दुसऱ्याचा सदरा अंगात घालून बघावा तसं ते ‘हं’ होतं. पण हौसेरावांना तेवढं पुरलं. “मुँह बी टेढा हुआ. बात बी टेढी. आज सुबे फिरसे.”

डॉक्टर ताडकन उठले. रंगूबाईंना दोन्ही हात वर करायला लावले, हसायला सांगितलं. त्या हसल्या नाहीत, लाजल्या. वाशीच्या मोठ्या हॉस्पिटलात फोन लावता लावता डॉक्टर म्हणाले, “हमारे घर में बडा आदमी बोलता है तो सामनेवाला आवाज नहीं करता. कल आप रुके, मेरे को लगा खतम हुआ.” मग रिक्षापर्यंत बाहेर आले. “इनसे बात करते रहो. जवाब बंद हुआ तो…” पुढचं त्यांनी गिळलं.

कृष्णात ड्रायव्हरशेजारी टेकला. मागं हौसेरावांनी बायकोचा उजवा हात धरून बैल तिसऱ्यांदा सोडला.

“सुटला बग बैल.”

“हं.”

“वाजंत्री पळालं.”

“हं.”

सानपाड्याच्या पुलावर रिक्षा चढली. “मांडवात शिरला, कोंडिबाचा बैल.”

‘हं’ आलं नाही.

“रंगू? कोंडिबाचा बैल गं.”

काही नाही. ड्रायव्हरनं टेप बंद केला. कृष्णात मागं वळला. हौसेरावांनी तो हात इतका दाबला की गोणीचा धरायचा कान असता तर फाटला असता.

“सोडा की,” रंगूबाई म्हणाल्या. “आन् कोंडिबाचा न्हवं, गोटीरामाचा बैल. इतकी वर्सं हं हं केलं म्हून काय खरं झालं व्हय?”

शब्द न् शब्द सरळ होता. हौसेराव कसंबसं म्हणाले, “हं. मग?”

आणि हॉस्पिटलचं फाटक येईपर्यंत रंगूबाईच सांगत राहिल्या.