कॉरिडॉरमधला कढीपत्ता

सिंगापुरात, क्लेमेंटीतल्या आमच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरच्या कठड्याला लागून बाबांनी कढीपत्ता, गवती चहा आणि अळू लावलं होतं. आई गेल्यावर त्यांना नाशिकहून इकडे आणलं, तेव्हा दिवसभर करायचं काय हा त्यांना प्रश्न पडला होता. तो कुंड्यांनी सोडवला. संध्याकाळी मी ऑफिसातून परत यावं, तर शेजारची चिनी आँटी कढीपत्ता खुडत असायची आणि बाबा तिला चक्क मराठीतून फोडणी शिकवत असायचे.

मग बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग दुपारचं जेवण, मग आई गेल्याचंही. तरी खाली फेरी मारून ते न चुकता घरी यायचे. आमच्याकडे सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरले, तर कढीपत्ता दिसला नाही की ते माघारी फिरायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा माझा त्या झाडावर जास्त भरवसा होता.

समोरच्या ब्लॉकमध्ये कॉरिडॉरमधल्या रद्दीला आग लागली. सगळे वाचले, पण धुरात एका म्हातारीची व्हीलचेअर सामानात अडकली होती. त्यानंतर तपासणी आली ती आमच्याकडे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, म्हणून मी जाम चिडले. तपासणीला आलेली मुलगी मात्र गोड होती. इथल्या ढंगात मला म्हणाली, “अंकल्स प्लांट्स सो नाइस, आँटी. बट कॉरिडॉर मस्ट क्लिअर, लाह.”

नियम साधा होता. आग लागली तर स्ट्रेचर जाईल एवढी वाट मोकळी हवी आणि वाळकं काही साठवायचं नाही. बाबांनी तर कुंड्यांमागे नारळाच्या शेंड्यांचा ढीग रचला होता. मी वाद घातला, विनवण्या केल्या, निदान कढीपत्ता तरी राहू द्या म्हटलं. पण आमच्या टोकाला कॉरिडॉर इतका अरुंद, की एक कुंडीसुद्धा बसेना. नियमाचा राग धरावा, तर ती व्हीलचेअर डोळ्यांपुढे यायची. शेवटी सगळ्या कुंड्या ब्लॉकखालच्या सामाईक बागेत गेल्या. बाबा नुसते बघत राहिले.

मी दाराला तोरण लावलं. कढीपत्त्याचा मोठा फोटो काढून चिकटवला. बाबांनी त्या फोटोवरून हात फिरवला आणि ते पुढच्या दाराकडे चालू लागले.

त्यानंतर त्यांना एकटं सोडत नव्हतो. दिवसा आँटी त्यांच्याजवळ बसायची. तिचा डोळा लागला आणि ते निसटले. तिचा फोन आला तशी मी ऑफिसातून धावत निघाले. वाटेत टॅक्सीत बसून नको नको ते मनात आणलं.

बाबा बागेत होते. कढीपत्त्यासमोर उभे, हातात घराची किल्ली. ती किल्ली पुढे धरून हवेत चाचपडत होते. शर्ट घामाने भिजला होता. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

“आलीस? अगं, केव्हाचा उभा आहे मी इथे. घर तर हेच आहे ना आपलं? मग दार कुठे गेलं?”

मी त्यांचा हात धरला आणि तिथेच, भर बागेत, हुंदके देऊन रडले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिले, “रडू नकोस. तुझ्या आईला हाक मारतो, ती आतून उघडेल.”